कार्ल ओल्ब्रिश याचा मृत्यु : युद्धकालीन साधनांची चिकित्सा

जुन्या कागदांचा व्यासंग करणाऱ्यांची अशी एक समजूत असते कीं, पुरुषाच्या जन्माची तिथि वादग्रस्त असली तरी त्याच्या मृत्यूची तिथि बहुधा पक्की असते. शांततेच्या काळापुरती ही समजूत बरीचशी खरी आहे. युद्धांतील मृत्यूच्या बाबतींत मात्र ती फसवी ठरते. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजीं सदाशिवराव भाऊ पडले हें आज निर्विवाद मानलें जातें. परंतु त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनीं वैधव्य पतकरलें नाहीं, आणि पुढें भाऊंचा तोतया उभा राहून १७७६ सालीं त्याचा शेवट होईपर्यंत त्यानें पुणें दरबारास पुरेसें हैराण केलें. खात्रीचा पुरावा हातीं नसला म्हणजे मृत्यूच्या भोंवतीं आशा, अफवा आणि राजकारण हीं तिन्ही कशीं जमा होतात, याचें हें आपल्या घरचें उदाहरण होय.

हीच गोष्ट विसाव्या शतकांतील, म्हणजे छापील कागदांच्या आणि सरकारी दप्तरांच्या भरगच्च काळांतील एका मृत्यूच्या आधारें तपासून पाहावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. कागद विपुल असले म्हणजे सत्य सुलभ होतें, असा एक भ्रम आपल्या संग्राहकवर्गांत आहे. तो दूर होण्यास हें प्रकरण उपयोगी पडेल असें आम्हांस वाटतें.

प्रथम घटना सांगतों. ‘अरांडोरा स्टार’ हें ब्लू स्टार कंपनीचें १९२७ सालीं बांधलेलें उतारूंचें जहाज. दुसऱ्या महायुद्धांत तें ब्रिटिश सरकारच्या कामीं लागलें होतें. १९४० च्या उन्हाळ्यांत फ्रान्स पडला, १० जून रोजीं इटली युद्धांत उतरली, आणि इंग्लंडांत राहणाऱ्या परशत्रूंना, म्हणजे जर्मन, ऑस्ट्रियन व इटालियन नागरिकांना, पकडून अटकेंत ठेवण्याचा सपाटा सुरू झाला. त्यांपैकीं कांहींना समुद्रापार कॅनडांत पाठवावें असें ठरलें. त्याप्रमाणें ‘अरांडोरा स्टार’ लिव्हरपूलहून न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्सकडे निघालें. त्यावर ७३४ इटालियन व ४७९ जर्मन स्थानबद्ध, ८६ जर्मन युद्धकैदी, सुमारें २०० पहारेकरी आणि १७४ खलाशी, अशीं एकंदर १,६७३ माणसें होतीं. जहाजास करडा रंग दिलेला होता, तोफ बसविलेली होती, डेकवर कांटेरी तारा ओढलेल्या होत्या, आणि सोबतीस एकहि लढाऊ जहाज नव्हतें. २ जुलै १९४० रोजीं सकाळीं सातच्या सुमारास, आयर्लंडच्या वायव्येस, ब्लडी फोरलंड भूशिराच्या पश्चिमेस सुमारें ७५ मैलांवर, गुंथर प्रीन याच्या ‘यू-४७’ या पाणबुडीनें त्यावर टॉर्पेडो सोडला. सुमारें अर्ध्या तासांत जहाज बुडालें. ‘सेंट लॉरेंट’ या कॅनडाच्या विनाशिकेनें वाचलेल्यांना उचलून स्कॉटलंडमधील ग्रीनॉक बंदरीं आणलें. आठशेंहून अधिक माणसें बुडालीं.

या बुडालेल्यांत कार्ल ओल्ब्रिश हा एक होता. तो जन्मानें जर्मन, मतानें कम्युनिस्ट, आणि हिटलर सत्तेवर येण्यापूर्वी राइखस्टागचा सभासद होता. नाझी राजवटींत त्यानें कारावास भोगला. सुटल्यावर देशत्याग करून तो शेवटीं इंग्लंडच्या आश्रयास आला. तेथें त्यास अटक झाली, आणि त्याची ती अटक अटलांटिकच्या तळाशीं संपली. असा हा चार ओळींत सांगतां येण्यासारखा वृत्तान्त आहे. परंतु संशोधकास चार ओळी सांगून चालत नाहीं. प्रत्येक ओळीचा आधार दाखवावा लागतो. येथें प्रश्न तीन आहेत. तो जहाजावर होता काय? तो मेला काय? आणि तो कोण म्हणून मेला? पहिल्या दोन प्रश्नांस लोक महत्त्व देतात. आमच्या मतें या प्रकरणाचा सर्व कस तिसऱ्यांत आहे.

तिसरा प्रश्न उत्पन्न होण्याचें कारण असें. जहाज बुडाल्यावर थोड्याच दिवसांत पार्लमेंटांत सरकारपक्षातर्फें असें सांगण्यांत आलें कीं, जहाजावरील सर्व जर्मन नाझींचे पक्षपाती होते व त्यांत आश्रयार्थी म्हणून आलेला कोणीहि नव्हता. हें विधान अधिकृत आहे, समकालीन आहे, छापील आहे. साधनांची प्रतवारी लावतांना आपण ज्या तीन गुणांवर भर देतों ते तिन्ही गुण त्यांत आहेत. आणि तरी तें ओल्ब्रिशपुरतें तरी सपशेल खोटें आहे. ज्यास नाझींनीं तुरुंगांत घातलें, तो नाझींचा पक्षपाती म्हणून बुडाला, अशी ही अधिकृत नोंद होय.

हें विधान कसें जन्मलें तें पाहिलें म्हणजे त्याची किंमत ठरवितां येते. १९३९ च्या शरदृतूंत ब्रिटिश सरकारनें देशभर सुमारें १२० न्यायमंडळें नेमून सत्तर हजारांहून अधिक जर्मन व ऑस्ट्रियन लोकांची चौकशी केली. प्रत्येकास अ, ब किंवा क असा वर्ग दिला. अ म्हणजे ताबडतोब अटक. ब म्हणजे कांहीं निर्बंध. क म्हणजे मोकळीक. अ वर्गांत पांचशेंहून थोडे अधिक, ब वर्गांत साडेसहा हजारांच्या वर, आणि बाकीचे सर्व क वर्गांत, अशी साधारण विभागणी झाली. ‘अ वर्ग’ याचा अर्थ ‘या मंडळास हा मनुष्य मोकळा सोडणें धोक्याचें वाटलें’ एवढाच होता. तें वाटण्याचें कारण नाझी मत हेंहि असे, कम्युनिस्ट मत हेंहि असे. पुढें ज्यांनीं जहाजाची बाजू पार्लमेंटापुढें मांडली, त्यांनीं वर्गाचें अक्षर पाहिलें व त्यावरून माणसाचें मत ठरविलें. दप्तरांतील शेऱ्यावरून व्यक्तीचें चरित्र रचण्याचा हा दोष आपल्याकडेहि कमी नाहीं. एखाद्या यादींत कोणाच्या नांवापुढें ‘फितुरी’ असा शब्द आढळला, कीं त्यास आपण पिढ्यानपिढ्या फितूर म्हणत राहतों. तो शब्द कोणीं, केव्हां व कोणत्या रागांत लिहिला याची चौकशी करीत नाहीं.

सरकारी विधानानंतर क्रमानें वर्तमानपत्रें येतात. ४ जुलै १९४० पासून इंग्रजी पत्रांत बातमी आली. तींत जर्मन व इटालियन कैदी नावांसाठीं एकमेकांशीं कसे झुंजले आणि त्या गोंधळांत कित्येकांचे प्राण कसे गेले, याचें रसभरित वर्णन होतें. हें साधन आम्ही सर्वांत खालच्या प्रतींत घालतों, आणि त्याचीं कारणें अशीं. एक तर बातमीदार जहाजावर नव्हता. दुसरें, ज्यांच्याविषयीं बातमी दिली ते अटकेंत होते व त्यांस उत्तर देण्याची सोय नव्हती. वाचलेल्यांपैकीं पुष्कळांना तर १० जुलै रोजींच ‘डुनेरा’ जहाजावर चढवून ऑस्ट्रेलियास रवाना करण्यांत आलें. तिसरें, कांटेरी तारा, अपुऱ्या नावा आणि न झालेल्या कवायती यांविषयीं जे प्रश्न निघाले असते, ते ‘कैदी आपसांत झुंजले’ या एका वाक्यानें मिटत होते. ज्या बातमीनें बातमी देणाऱ्याच्या पक्षाचा दोष झांकला जातो ती दुसऱ्या पुराव्यावांचून घेऊं नये, हा नियम येथें तंतोतंत लागू पडतो. दुसरा पुरावा उलट बाजूस जातो. वाचलेल्या लोकांच्या सांगण्यांत ओटो बुरफाइंड या जर्मन कप्तानाची हकीकत वारंवार येते. त्याचें ‘आडोल्फ वोएर्मान’ हें जहाज १९३९ च्या नोव्हेंबरांत बुडालें होतें व तो कैदी म्हणून येथें होता. त्यानें लोकांना शांतपणें नावांत बसविण्यास मदत केली व स्वतः जहाजाबरोबर बुडाला. तो ब्रिटिशांच्या दृष्टीनें शत्रूच होता. त्याची स्तुति करण्यांत कोणाचा राजकीय लाभ नव्हता. म्हणून ती साक्ष अधिक वजनदार.

यानंतर लॉर्ड स्नेल यांची चौकशी येते. सरकारनें ती नेमली ती लोकांच्या टीकेमुळें, आणि तिचा सारांश १९४० सालाच्या अखेरीस प्रसिद्ध झाला. तींतून एवढें बाहेर आलें कीं, इटालियनांच्या याद्या मुख्यतः फॅसिस्ट पक्षाच्या सभासदत्वावरून तयार झाल्या, प्रत्येक माणसाची स्वतंत्र छाननी झाली नाहीं, आणि त्यामुळें ज्यांची सहानुभूति पूर्णपणें ब्रिटनच्या बाजूस होती असेहि कांहीं लोक जहाजावर चढविले गेले. डेचियो आन्झानी याचें नांव येथें घेणें प्राप्त आहे. लंडनमधील इटालियन मानवहक्क-संघाचा तो चिटणीस, फॅसिझमचा उघड विरोधक. तोहि याच जहाजावर बुडाला. चौकशीनें खात्याची बाजू शक्य तितकी सांभाळून घेतली आहे हें खरें. परंतु साधनचिकित्सेच्या दृष्टीनें तिचें मोल वेगळेंच आहे. जें साधन ज्याचें समर्थन करावयास निघालें, त्यानेंच त्याच्याविरुद्ध कबुली दिली, तर ती कबुली प्रमाण मानावी. स्नेल यांचा सारांश पार्लमेंटांतील जुलैच्या विधानानंतर आला, आणि त्या विधानामागील ‘याद्या म्हणजे सत्य’ ही कल्पना त्यानें मुळांतच ढिली केली.

त्याच वर्षीं फ्रान्स्वा लाफीत यांचें स्थानबद्धांविषयींचें इंग्रजी पुस्तक पेंग्विनतर्फें निघालें. त्यांत बुडालेल्या नाझीविरोधकांकडे सरकारचें लक्ष वेधलें आहे. हें पुस्तक पक्षाचें आहे. सरकारवर टीका करणें हाच त्याचा उद्देश. परंतु एक भेद येथें ध्यानांत घेतला पाहिजे. सरकारचें विधान ‘सर्व’ या शब्दावर उभें होतें, म्हणून तें खोडण्यास एक नांव पुरे. टीकाकारास सगळे जर्मन आश्रयार्थी होते असें सिद्ध करण्याची गरज नव्हती, आणि तसे ते नव्हतेहि. जर्मन जहाजांवरून पकडलेले खलाशी त्यांत होते, खरेखुरे नाझीहि होते. एका डेकवर शिकारी व शिकार दोघेहि एकाच तारेआड बसले होते, ही या प्रकरणाची खरी शोकांतिका आहे. आणि ‘सर्व नाझी’ म्हणणारे व ‘सर्व निरपराध’ म्हणणारे, दोघेहि ती झांकतात.

आतां दप्तराकडे वळूं. ब्रिटिश गृहखात्याचीं त्या काळचीं कार्डें आज लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत आहेत. कार्डाच्या पुढच्या बाजूस नांव, जन्मतारीख व स्थळ, पत्ता, धंदा व मंडळाचा निर्णय. मागच्या बाजूस निर्णयाचीं कारणें. येथें आमची संग्राहकांस विनंति आहे कीं, पुढची बाजू पाहून थांबूं नये. पुढची बाजू वर्ग सांगते, मागची बाजू मनुष्य सांगते. आणि वर दाखविल्याप्रमाणें सगळा घोंटाळा वर्गालाच मनुष्य समजल्यामुळें झाला आहे.

याद्यांच्या बाबतींत दुसरी अडचण नांवांची. जर्मन नांवें इंग्रज कारकुनानें कानानें ऐकून टंकलिखित केलीं, तेव्हां स्वरांवरचीं टिंबें गळालीं, जोडाक्षरें फुटलीं, आडनांव आधीं कीं नंतर याचा गोंधळ झाला. ‘ओल्ब्रिश’ यासारख्या आडनांवाचीं तीन-चार रूपें सहज होऊं शकतात. मूळ जर्मन कागदांकडे गेलें तर ते पुष्कळदां ‘कुरेंट’ नांवाच्या जुन्या वळणांत असतात. जर्मनीनें तें वळण १९४१ सालीं शाळांतून काढून टाकलें, आणि आज सामान्य जर्मनांस तें आपल्या तरुणांस मोडी वाटावी तितकेंच परकें झालें आहे. मोडी वाचणाऱ्यांस अधिक सांगणें नको. ज्यानें ‘ब’ आणि ‘व’ यांवरून अर्धा महाल हरवतांना पाहिला आहे, त्यास एका अक्षरानें एक मेलेला मनुष्य यादींतून कसा नाहींसा होतो हें कळेल. शिवाय यादींत नांव आहे म्हणजे तो चढलाच, आणि नांव नाहीं म्हणजे तो चढलाच नाहीं, हें अनुमान घाईंत भरलेल्या जहाजाच्या बाबतींत एकट्या यादीवर टाकूं नये. त्यास पाहणाऱ्याची साक्ष, पत्र किंवा पुढील दप्तरांतील अभाव यांची जोड हवी.

यादीच जर अशी, तर बेरजेचें काय? बुडालेल्यांची संख्या बहुधा ८०५ दिली जाते : कप्तान मोल्टन, १२ अधिकारी, ४२ खलाशी, ३७ पहारेकरी, ४७० इटालियन व २४३ जर्मन. दुसऱ्या एका गणनेंत इटालियन ४८६ व जर्मन १७५ आहेत. पहिल्या गणनेप्रमाणें दोहोंची बेरीज ७१३, दुसऱ्याप्रमाणें ६६१. नांवांवरून केलेल्या इटालियनांच्या गणनेंत ४४६ हा आंकडा येतो. जर्मनांच्या आंकड्यांतील ६८ चा फरक नुसत्या हस्तदोषानें पडण्याइतका लहान नाहीं. जर्मनांत ८६ युद्धकैदी धरले कीं वगळले, ऑस्ट्रियन कोणांत घातले, याचा प्रत्येक गणनेंत उलगडा मागितला पाहिजे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, बेरीज ही साधन नव्हे. ती साधनावरून केलेलें अनुमान आहे. जेथें नांवें उपलब्ध आहेत तेथें आधीं नांवें मोजावीं व मग आंकडा लिहावा. आपल्या बखरींतील लाखांच्या फौजांस आपण हंसतों. परंतु टंकलिखित आंकड्यापुढें मात्र हात जोडतों.

शत्रुपक्षाचें साधनहि टाकून चालणार नाहीं. पाणबुडीची रोजनिशी स्थळ, वेळ व टॉर्पेडो यांपुरती उत्तम साक्ष देते. कारण त्या गोष्टी लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढच्या होत्या व चुकीच्या लिहिण्यांत त्याचा लाभ नव्हता. परंतु करड्या जहाजांत आपलेच देशबांधव कोंडलेले आहेत, हें पाणबुडीस दिसणें शक्य नव्हतें. म्हणून ‘जर्मनांनीं जर्मनांस मारलें’ हें वाक्य घटना म्हणून खरें असलें तरी हेतु म्हणून खोटें आहे. प्रीन स्वतः १९४१ च्या मार्चांत आपल्या पाणबुडीसह नाहींसा झाला.

शेवटचें साधन जमिनींतलें. १९४० च्या उन्हाळ्यांत आयर्लंड व स्कॉटलंड यांच्या किनाऱ्यांवर प्रेतें लागूं लागलीं, आणि त्या त्या गांवच्या लोकांनीं त्यांस मूठमाती दिली. पुढें आयर्लंडांत विक्लो परगण्यांतील ग्लेनक्री येथें जर्मन स्मशानभूमि करण्यांत आली. १९६१ सालीं तिचें समर्पण झालें. तेथील १३४ थडग्यांपैकीं ४६ या जहाजावरील जर्मन नागरी स्थानबद्धांचीं आहेत. संशोधकास थडगें हें फार समाधान देतें. पण त्याचीहि चिकित्सा करावी. कित्येक आठवडे समुद्रांत राहिलेल्या प्रेताची ओळख खिशांतील कागदावरून, कपड्यावरील खुणेवरून पटविली गेली. आणि अटकेंतील माणसें एकमेकांचे कपडे वापरीत असतात. तेव्हां नांव कोरलेला दगडहि एका वाचकानें केलेलें वाचन आहे, मूळ पाठ नव्हे. अशा वाचनास यादीचा आधार मिळाला तर तें ग्राह्य. विरोध आला तर दोन्ही पुन्हा तपासावीं.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, आक्रमणाच्या तोंडावर उभ्या असलेल्या राष्ट्रानें घाईंत एखादें विधान केलें, तर पुढें इतक्या वर्षांनीं त्याचा कीस पाडण्यांत काय स्वारस्य? आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. १९४० च्या जुलैंत इंग्लंडापुढें काय वाढून ठेवलें होतें हें ज्यास ठाऊक आहे, तो त्या मंत्र्यांना न्यायासनासमोर उभें करण्याची घाई करणार नाहीं. परंतु मंत्र्यांचा न्याय करणें व त्यांच्या वाक्याची किंमत ठरविणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आम्ही सोडून देतों. दुसरी सोडतां येत नाहीं. कारण मंत्री उत्तर देऊन मोकळा होतो. वाक्य मात्र दप्तरांत राहतें, तेथून ग्रंथांत जातें, ग्रंथांतून कुळकथेंत जातें. आणि ज्याच्याविषयीं तें आहे तो समुद्राच्या तळाशीं असल्यानें त्याचा इनकार कधींच नोंदला जात नाहीं. मृताच्या वतीनें इनकार नोंदविणें हें जर संशोधकाचें काम नसेल, तर दुसऱ्या कोणाचें आहे?

आमचा निर्णय असा. ओल्ब्रिशचा मृत्यु २ जुलै १९४० रोजीं ‘अरांडोरा स्टार’ बुडाल्यामुळें झाला, हें ग्राह्य. तो कम्युनिस्ट, नाझीविरोधी व आश्रयार्थी होता, हेंहि ग्राह्य. पार्लमेंटांतील जुलैचें विधान त्याच्यापुरतें त्याज्य. वर्तमानपत्रांतील झुंजीचीं वर्णनें स्वतंत्र पुराव्यावांचून त्याज्य. बेरजेचे आंकडे नांवनिशीवार पडताळ्यापर्यंत तात्पुरते. त्याच्या शेवटच्या अर्ध्या तासाचें वर्णन करण्याचा मोह लेखकांनीं आवरावा. तारीख, स्थळ व कारण एवढें कळलें म्हणजे इतिहासाचें काम झालें. त्यापुढें जें लिहिलें जाईल तें नाटक होय.

हें सर्व परदेशांतलें प्रकरण, त्याशीं आपला काय संबंध, असें कोणी समजूं नये. दोन्ही महायुद्धांत जर्मन नागरिकांस अटकेंत ठेवण्याची एक छावणी अहमदनगरास होती. त्या शहराचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे. दुसऱ्या युद्धांत पुरंदरावरहि असे स्थानबद्ध ठेवले होते. त्या छावण्यांसंबंधींचीं पत्रें, शिक्के मारलेले लिफाफे, पावत्या, यांतील कांहीं कागद आपल्या सभासदांच्या संग्रहांत येणें अशक्य नाहीं. ते तिकिटांसाठीं सोडवून घेऊन मजकूर टाकून देण्याची रूढि आम्हांस अत्यंत घातक वाटते. लिफाफ्यावरील नांव कोणत्याहि यादींत नसेल, आणि त्या मनुष्याच्या असण्याचा तेवढाच एक पुरावा उरला असेल. असे कागद ज्यांच्यापाशीं असतील त्यांनीं मजकुराची नक्कल, कागदाचें वर्णन व तो कोठून मिळाला याची हकीकत, हीं तिन्ही एकत्र ठेवावीं, एवढीच प्रार्थना करून हा लेख पुरा करतों.